गादीवालीची पाखरं

सकाळपासून वारा पडलेला. आभाळ धड ढगाळ नाही, धड मोकळं नाही. जुन्या खोळीसारखं मळकट पिवळं. पिंजण्याचं यंत्र थांबलं तरी कापसाची धूळ खाली बसेना. दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात ती नुसती लोंबकळत राहिली. गादीवालीने नाकावरचा फडका सोडून तोंड पुसलं, तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्याफेक झालेल्या होत्या.

"आई, आज जीव घुसमटतोय नुसता," यंत्रापाशी उभी असलेली सून म्हणाली.

"जीव माणसाचा घुसमटतो, गादीचा नाही. हात चालव."

गादीवालीची जीभ म्हणजे दाभण. जाड, लांब आणि आरपार. नवरा गेला तेव्हा "आता दुकान विकून टाका" म्हणणारे पाहुणे आले होते. तिने एकेकाला चहा पाजला आणि एकेकाला असा टाका घातला, की त्यातला एकही पुन्हा त्या विषयावर तोंड उघडायला आला नाही. दुकान राहिलं. मुलगा ट्रकवर होता, तो महिन्यातून एकदा उगवायचा. एरवी सासू आणि सून, दोघीच. सून पिंजायची, सासू भरायची आणि शिवायची.

आणि सकाळची भरणी झाली, की गादीवाली दुकानाच्या पायरीवर ठेवलेल्या पसरट टोपलीत उरलंसुरलं ओतायची. कापसाचे पुंजके, फायबरचे गोळे, कापलेल्या दोऱ्यांचे तुकडे. हे पाखरांसाठी. घरटी बांधायचे दिवस आले की त्या टोपलीवर नुसती झुंबड. चिमण्या चोचभर कापूस घेऊन दाढी लावल्यासारख्या उडायच्या. बुलबुल लाजत लाजत यायचे, साळुंक्या मात्र थेट मालकिणीसारख्या.

"या गल्लीत जे पाखरू जन्माला येतं, ते माझ्या गादीवर येतं," ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. "माणसं भाव पाडून मागतात, पाखरं गुपचूप नेतात. सोयरीक कुणाशी करावी, तुम्हीच सांगा."

सगळ्यात लाडकी एक साळुंकी होती. तिचं नाव गादीवालीने ठेवलं होतं वन्सं. कारण ती आली की उंबऱ्यावर थांबायची नाही. मान ताठ करून दुकानभर फिरायची, कोपऱ्याकोपऱ्यात डोकवायची, गाद्यांच्या चळतीखाली बघायची आणि मग कर्कश्श आवाजात काहीतरी खोट काढायची.

"आल्या का वन्सं? बघा, बघा. कोपऱ्यात धूळ आहे. सुनेला सांगा, मला नका सांगू."

"मला बरी खरी नणंद नाही मिळाली," सून म्हणायची. "तुमच्या वाटणीची पण मलाच बोलते."

वन्सं गादीवालीच्या मांडीवर चढून पदरातला पुंजका ओढायच्या. एकदा तर त्यांनी तिच्या अंबाड्यातलाच केस उपटला होता. गादीवाली त्या दिवशी गल्लीभर तो किस्सा सांगत फिरली, जसं काही कुणी तिला साडीचोळी केली होती.

समोरचं दुकान तिच्या धाकट्या भावाचं. मिक्सर दुरुस्तीचं. त्याच्या दारात पिंजरे टांगलेले. एकात पोपट, एकात मुनियांचा थवा, एकात बुलबुल. सगळी रानातली. एक पाखरवाला फडक्याने झाकलेली करंडी घेऊन अधूनमधून यायचा आणि भाऊ त्याच्याकडून घ्यायचा. पोपट हुबेहूब मिक्सरसारखा आवाज काढायचा. गिऱ्हाईक आपला मिक्सर सुरू झाला समजून आत डोकवायचं, आणि भाऊ आत जेवत बसलेला असायचा.

रोज सकाळी गादीवालीकडचा चहा रस्ता ओलांडून भावाकडे जायचा, आणि चहाबरोबर भांडण.

"ताई, तुझी पाखरं म्हणजे पाहुणे. आली तर आली. माझी घरची माणसं आहेत."

"घरच्या माणसांना बाहेरून कडी लावतात का रे?"

"मांजर दिवसाढवळ्या फिरतंय. माझ्या पाखराला नख लागत नाही कुणाचं. वेळेवर दाणा, वेळेवर पाणी."

"तुरुंगातही वेळेवर देतात. जाऊन राहतोस?"

भाऊ हसायचा. पोपट मिक्सर सुरू करायचा. गल्लीला ही करमणूक सवयीची होती. भाऊ पुढे एक वाक्य मात्र हमखास टाकायचा. "वन्संचं एक पिल्लू मला दे यंदा. साळुंकी लहानपणी हाताशी आली की माणसासारखी बोलते."

"हात लावून तर बघ," गादीवाली म्हणायची. ते भांडणातलं असलं तरी तिच्या आवाजात हसू नसायचं.

यंदा पहिल्यांदा एक चिमणी आली ती एका पायावर. दुसरा पाय तिने पोटाशी धरलेला. बोटं फुगून मण्यांसारखी झालेली. टोपलीतला कापूस ओढताना ती कलंडली, सावरली, उडाली. सुनेने पाहिलं, गादीवालीने पाहिलं. मांजर असेल, म्हणाल्या.

मग एक साळुंकी आली, तिला उजवा पंजाच नव्हता. मग आणखी एक चिमणी. मग वन्संचे यजमान स्वतः, डाव्या पायाचं एक बोट गेलेलं, जागा काळी पडलेली. मांजर असं बोट मोजून नेत नाही. गादीवाली शिवता शिवता थांबायची आणि टोपलीकडे बघत बसायची. पाखरं उड्या मारत आली की आता तिची नजर आधी पायांकडे जायची.

समोरच्या गोदामाच्या वळचणीला एक चिंधी लोंबत होती. दोन-तीन दिवस ती तशीच दिसत होती. वारा नव्हता तरी ती कधीमधी जरा फिरायची. मग ती फिरायची थांबली. सुनेने गादी झोडायच्या लांब काठीने ती खाली पाडली, आणि पाडल्यावर काठी टाकून मागे सरली.

चिंधी नव्हती. चिमणी होती, वाळून कोळ झालेली. पायाला दोरा, दोऱ्याचं टोक वळचणीच्या भोकात अडकलेलं. घाणीने आणि रक्ताने दोरा काळा कुळकुळीत झाला होता.

गादीवालीने तो बोटांत धरला. "फास," ती म्हणाली.

फास म्हटल्यावर तिला एकच माणूस आठवला. फडक्याने झाकलेली करंडी आणणारा पाखरवाला. आणि तो आठवला म्हणजे भाऊ आठवलाच. ती मेलेली चिमणी फडक्यावर घेऊन तशीच रस्ता ओलांडून गेली.

"हे बघ तुझ्या घरच्या माणसांचं. कुठे कुठे फास लावून ठेवलेत त्या मेल्याने?"

भाऊ एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, तो जाळं टाकतो. फास नाही लावत. आणि इथे गल्लीत कशाला येईल?"

"मग हे काय आकाशातून पडलं?"

"माझ्या पाखरांचे पाय बघ तू. एकाला तरी ओरखडा आहे का?"

"जी पकडली त्यांचे पाय धड, जी निसटली त्यांचे तुटके! मला शिकवतोस?"

गिऱ्हाईक उभं होतं. शेजारचा शिंपी बाहेर आला होता. भाऊ काहीतरी बोलायला गेला, पण बहिणीच्या जिभेपुढे त्याचं लहानपणापासून कधी चाललं नव्हतं. तो पुन्हा मिक्सरच्या पोटात बघायला लागला. त्या दिवसापासून चहा रस्ता ओलांडेनासा झाला.

आता वन्संचं घरटं होतं भावाच्याच दुकानावर. भिंतीत पूर्वी हवेचा पंखा होता, तो काढल्यावर राहिलेलं भोक. आत पिल्लं होती. वन्सं आणि यजमान चोचीत अळ्या, नाकतोडे घेऊन दिवसभर ये-जा करत होते, आणि प्रत्येक खेपेला आतून चिरका गलका उठायचा. भाऊ कधी खुर्चीवर चढून पाटी पुसायचा, कधी दिवा बदलायचा. आधी गादीवालीला त्यात काही दिसलं नसतं. आता दिसत होतं. यंदा एक पिल्लू मला दे. तो असं म्हणालाच होता ना?

तिने आपली शिवायची बैठक आतून उचलून पायरीवर आणली. तिथून भोक समोर दिसायचं. ती सकाळी बसायची ती दिवे लागेपर्यंत उठायची नाही.

"आई, उन्हात बसून डोकं फिरेल," सून म्हणाली.

"माझं फिरू दे. पिल्लं उडेपर्यंत मी हलणार नाही इथून. एकदा पंख फुटले की मग बघू कोण धरतं."

वसतिगृहाच्या गाद्या चालू होत्या. मोठं काम, उन्हाळा लागायच्या आधीपासून पुरत होतं. त्यांनी निळा दोरा मागितला होता, निळा नायलॉन, म्हणजे गादी कुणी पळवली तर टाक्यावरून ओळखू येईल. दुसऱ्या कुणाकडे तसा दोरा नव्हता. गादीवाली टाका मारायची, गाठ मारायची, कंबरेच्या कात्रीने टोक कापायची आणि वर न बघता तुकडा शेजारच्या टोपलीत टाकायची. नजर भोकावर. वन्सं यायच्या, टोपलीतून दोन तुकडे, एक पुंजका उचलायच्या. पिल्लं असतानाही त्या घरात काहीबाही घालत राहायच्या.

"न्या वन्सं, न्या. ऊब लागेल लेकरांना."

आभाळ तसंच मळकट राहिलं. तारांवर एका पायावर बसलेली पाखरं वाढत चालली. शिंप्याची बायको म्हणाली, गल्लीला काहीतरी लागलंय. गादीवाली म्हणाली, लागलंय ते मला माहीत आहे, आणि समोर बघून थुंकली.

एका दुपारी वन्संनी एकाएकी ओरडायला सुरुवात केली. नेहमीची खोट काढणारी ओरड नव्हे, बोलावणारी. पहिलं पिल्लू भोकाच्या तोंडाशी आलं, थरथरलं, आणि धडपडत समोरच्या तारेवर जाऊन बसलं. गादीवालीने हातातली गादी खाली टाकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सूनबाई, उडालं गं! उडालं!"

दुसरं तोंडाशी आलं. ते जरा मोठंच होतं. वन्सं तारेवरून ओरडत होत्या. त्याने पंख पसरले, झेप घेतली, आणि हवेतच कुणीतरी मागे खेचल्यासारखं उलटं झालं. भिंतीवर आपटलं. एका पायावर, डोकं खाली, पंख फडफडत लोंबत राहिलं.

"बघ मेल्या!" गादीवाली रस्त्याच्या मधोमध येऊन किंचाळली. "बघ तुझा फास! आता तरी बघ!"

भाऊ पेचकस हातात घेऊन बाहेर आला. वर बघितलं. आत गेला आणि शिडी घेऊन आला.

"बाजूला हो. तुझ्या हातात द्यायचं नाही मला ते. मी चढते."

"चढ. मी धरतो."

ती या वयात पदर खोचून शिडीवर चढली. वन्सं तिच्या डोक्यावर तुटून पडल्या. चोच कपाळावर बसली, कानामागे बसली. "वन्सं, मी आहे. अहो, मी आहे," ती म्हणत राहिली. त्यांना ते ऐकू येत नव्हतं किंवा कळत नव्हतं. एका हातात पिल्लू धरून तिने दुसऱ्या हाताने दोरा ओढला. दोरा तुटला नाही, तिचं बोट कापलं. मग तिने कात्री लावली.

कापलेलं टोक आतून स्वच्छ निघालं. निळं.

तिने पिल्लू पदरात घेतलं आणि भोकात हात घातला. हाताला आधी लागलं ते मऊ. या मऊपणाची जात तिच्या हाताने झोपेतही ओळखली असती. फायबर, सगळं फायबर, नमद्यासारखं दाबून बसलेलं, आणि त्यातून आरपार निळे फेरे. आत आणखी एक पिल्लू होतं. ते तोंडाशी कधी आलंच नव्हतं. दोन्ही पाय एकाच गुंत्यात, आणि दोऱ्यावर मांस चढलेलं.

"ताई, काय आहे?" खालून भाऊ म्हणाला.

तिने एक फेरा बोटाने उचलून उजेडात धरला.

"ताई. फासच आहे का?"

"हो," ती म्हणाली. "माझा आहे."

नवऱ्याच्या काळी दोरा सुती असायचा. पाखरं तेव्हाही न्यायची. पण सुती दोरा पावसात कुजतो, ताण बसला की तुटतो. पिल्लाने नुसते पाय झाडले तरी सुटायचं. टोपली तीच होती, हात तोच होता, फक्त दोरा बदलला होता, आणि गादीवालीच्या ते कधी मनातही आलं नव्हतं.

भावाने मिक्सर बाजूला सारले. डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला आणि एकेक फेरा सोडवायला बसला. सून दिवा धरून उभी. पोपटाने मिक्सर सुरू केला तसं भावाने न बघता पिंजऱ्यावर फडकं टाकलं. आतलं पिल्लू त्याच्या तळहातावरच गेलं, अर्धा गुंता सुटायच्या आधी. दुसऱ्याचा दोरा निघाला, पण पंजा काळा पडला होता.

"पंजा जाईल," भाऊ म्हणाला. "जीव राहील. राहिला तर."

गादीवाली खाली बघत होती. इतक्या वर्षांत तिने भावाकडे काही मागितलं नव्हतं.

"पिंजरा दे."

ही वेळ टोमण्याची होती. भावाने ती जाऊ दिली. "मोठ्या दाराचा देतो," म्हणाला. "तुझा हात आत जाईल असा."

पिंजरा गादीवालीच्या दारात लागला. टोपली सुनेने चुलीत घातली, आतल्या मालासकट. वन्सं चोचीत किडा घेऊन यायच्या, पण तारेवर थांबून राहायच्या. गादीवाली आत, अगदी मागच्या भिंतीपर्यंत गेली की मगच पिंजऱ्यावर उतरायच्या, गजांतून भरवायच्या आणि पळायच्या. तिने उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की सगळ्या गल्लीला सावध करणारी ओरड उठायची. जे पाखरू तिच्या मांडीवर बसत होतं, ते आता मांजर दिसल्यावर ओरडावं तसं तिच्यावर ओरडत होतं.

पिल्लू मात्र तिचं झालं. उकडलेल्या अंड्याचा चुरा ती बोटावर घेऊन आत हात घालायची, आणि ते पिवळी चोच वासून तिच्या बोटावर झेपावायचं. तिचं खोकणं ऐकलं तरी पंख हलवायचं. एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी वाळकी काडी पडलेली दिसली. ती काडी नव्हती. सुनेने तो पंजा कागदात गुंडाळून नेला.

भाऊ चहाला आला. चहा आता रस्ता ओलांडत नव्हता, भाऊच यायचा. पिल्लाची जखम बघून म्हणाला, "वाळली. आज दार उघड."

"आज? एका पायाचं लेकरू ते. मांजर बसलेलंच असतं भिंतीवर."

"मांजर आधीपण होतं की. तेव्हा मी म्हणायचो, आता तू म्हणतेस."

"आणखी दोन-चार दिवस राहू दे. जरा अंग धरू दे."

"दोन-चार दिवसांनी त्याची आई यायची थांबेल. आणि ते तुझ्याकडे बघून चोच उघडतं, ते कायमचं." भावाने कप खाली ठेवला. "मला विचार ना. माझी बुलबुल. एकदा दार उघडंच राहिलं होतं, दिवसभर. ती आतच बसून. मी लोकांना सांगतो, बघा माझ्यावर किती जीव आहे. जीवबीव काही नाही, ताई. तिला बाहेर काय असतं ते ठाऊकच राहिलं नव्हतं."

"मग तिला का ठेवलीस?"

"आता सोडली तर मरेल, म्हणून."

गादीवाली पिंजऱ्याकडे बघत राहिली. आत पिल्लू तिच्या आवाजावर मान वाकडी करून ऐकत होतं. ते बोललं असतं. वर्षभरात तिच्यासारखंच बोललं असतं, गिऱ्हाइकांना टोमणे मारले असते. हे तिला दिसत होतं, आणि भावाला तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तू उघडतेस की मी उघडू?" तो म्हणाला.

"तू हात लावू नकोस."

तिने दार उघडून बांधून टाकलं आणि आत, मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. पिल्लू आधी तिच्या दिशेने वळलं. चोच उघडली. ती हलली नाही. तोंडावर फडका दाबून तिने खोकलाही आत कोंडला. तेवढ्यात तारेवरून वन्संची हाक आली. पिल्लू दारात आलं, एका पायावर झुकलं, पडतंय असं वाटलं आणि पडता पडताच उडालं. छपराच्या कडेला लागलं, घसरलं, पुन्हा उडालं. वन्सं पुढे, ते मागे. गोदामाच्या पत्र्यापलीकडे दोन्ही गेली. भिंतीवरचं मांजर उठलं, त्याच दिशेला बघितलं आणि सावकाश पत्र्यावर चढलं.

"हड!" भावाने चप्पल भिरकावली. मांजर दिसेनासं झालं. चप्पल पत्र्यावरच राहिली.

गादीवाली रस्त्यावर आली आणि वर बघू लागली. पाटीमागची फट. वळचणी. रस्त्यावरच्या दिव्याचं टोपण. शिंप्याच्या खिडकीवरचं भोक. आता एकदा डोळ्याला रंग कळल्यावर तो जिथे तिथे दिसत होता. कापसाच्या पुंजक्याबाहेर आलेलं निळं टोक, इथे एक, तिथे एक, आणि प्रत्येकाच्या मागे बारीक चिवचिव.

"काढायची का?" भाऊ म्हणाला. "शिडी आहे."

"ज्यात अंडी आहेत, त्यात हात घातला तर सोडून जातील. ज्यात पिल्लं आहेत..." तिने पदर खोचला. "ती तेवढी बघू. एकेक करून. चिमटा घेऊन ये उद्या सकाळी."

"येतो."

"आणि तो करंडीवाला आला तर?"

भाऊ आपल्या दारातल्या पिंजऱ्यांकडे बघत होता. "परत पाठवीन," म्हणाला, आणि त्यात हो किती आणि नाही किती, ते त्यालाही माहीत नसावं.

"आई!" आतून सून ओरडली. "वसतिगृहाचा टेम्पो संध्याकाळी येणार आहे. दोन गाद्यांचे काठ राहिलेत."

"आले."

ती आत गेली. बैठक पायरीवरून उचलून पुन्हा मागच्या भिंतीशी नेली, दाभणात तोच निळा दोरा ओवला, गादी मांडीवर ओढली आणि काठाला पहिला टाका घातला.